बाबांची सीडी विकून आरएक्स घेऊ का?

वाचकाचं पत्र

काकू, नमस्कार. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, नोकरी विजयनगरला, वय ३४. बाबांची सप्टेंबर १९९२ ची हिरो होंडा सीडी १०० घरी आहे. २०२२ मध्ये बाबांनी ती स्वतः आरटीओत नेऊन पाच वर्षांचं पासिंग करून आणली. २०२३ मध्ये ते गेले. तेव्हापासून गाडी पोर्चमध्ये उभी आहे. एका मेकॅनिकला दाखवली तर म्हणाला, फुल इंजिन करावं लागेल, बावीस हजार खर्च. एक जण आहे तशी बारा हजारांना मागतोय.

दुसरीकडे, जळगावच्या मावसभावाच्या ओळखीत १९९१ ची यामाहा आरएक्स १०० आहे. लाल, रंग नवा कोरा. मालक १ लाख ३५ हजार सांगतोय. म्हणतो, जपानी इंजिन आहे. कागदांचं 'बघून घेऊ'. कॉलेजात असल्यापासून मला आरएक्स हवी होती. ऑफिसलाही तीच नेईन असा विचार आहे, जाऊन-येऊन २८ किलोमीटर. बायको म्हणते, पोर्चमध्ये एकाच जुन्या गाडीला जागा आहे, काय ते ठरव. आई काहीच बोलत नाही. दोन्ही गाड्या जपानी, दोन्ही शंभर सीसी. कोणती ठेवू?

काकूंचं उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाड्यांसाठी, दुसऱ्यांदा 'आई काहीच बोलत नाही' या वाक्यासाठी. त्या वाक्याकडे येते, पण आधी गाड्या.

मल्हारगंजात आमचं गॅरेज होतं. हे आत गाड्या खोलायचे आणि मी बाहेर स्पेअरच्या काउंटरवर बसायचे. सत्तावीस वर्षं बसले. मी गाडीची पारख कधी चालवून केली नाही; मालक काउंटरवर येऊन काय मागतो, यावरून केली. सीडीवाला यायचा तो क्लच केबल मागायला, ब्रेक शू मागायला, फार तर चेन-स्प्रॉकेटचा सेट. हँडलला डबा लटकवलेला, ऑफिसला जाता जाता आलेला, पैसे सुटे मोजून देणारा. आरएक्सवाला यायचा तो प्लग, रिंगा, पिस्टन मागायला, आणि टूटी ऑइल, म्हणजे आरएक्समध्ये पेट्रोलबरोबर जळणारं तेल, तर दर पंधरवड्याला. तो एकटा कधीच नसायचा, सोबत दोन मित्र. पिस्टन पुड्यातून काढून उजेडाला धरून असा फिरवायचा, जसं सराफ्यात कोणी बांगडी बघावी. आता खरं सांगू का? त्या सीडीवाल्यांपैकी एकाचंही नाव मला आठवत नाही. आरएक्सवाल्यांची सगळी आठवतात.

दोन्ही शंभर सीसी, हे तुझं म्हणणं अगदी खरं आहे. इतकं खरं की गंमत वाटेल. आरएक्सचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली, तीही ५०. सीडीचा बोअर ५० आणि स्ट्रोक ४९.५. म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरचा, नखाएवढा. दोन्ही पिस्टन काउंटरवर शेजारी ठेवले की वरून गोल सारखाच दिसायचा. बाजूने बघितलं तर आरएक्सचा उंच, दोन रिंगांचा. सीडीचा बुटका, तीन रिंगांचा. आणि तरी आरएक्स ११ बीएचपी ताकद देते, सीडी सात-साडेसात.

ही तफावत कुठून येते ते समजून घे, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. सहा हजार आरपीएमला आरएक्सच्या सिलिंडरमध्ये मिनिटाला सहा हजार वेळा ठिणगी पेट्रोल पेटवते. सीडीत त्याच वेगाला तीन हजार वेळा. आरएक्स टू-स्ट्रोक, ती प्रत्येक फेऱ्याला पेटते; सीडी फोर-स्ट्रोक, ती एक फेरा सोडून. मग ताकद सरळ दुप्पट का नाही? कारण जळलेला धूर बाहेर ढकलायला सीडीकडे एक अख्खा वेगळा स्ट्रोक आहे, वर व्हॉल्व आहेत. आरएक्सला ती चैन नाही. ती ताज्या मिश्रणाच्या रेट्यानेच जुना धूर बाहेर काढते, आणि त्या गडबडीत थोडं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. तुला जो आवाज आवडतो, जी उचल आवडते, ती इथून येते. मायलेजही इथूनच जातं आणि मागच्या स्कूटरवालीच्या ओढणीला वासही इथूनच लागतो. १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले तेव्हा आरएक्स १०० बंद पडली, तीही यामुळेच.

आता जपानीपणाचं. ऐंशीच्या दशकात राजदूत, येझदी आणि बुलेटच्या राज्यात दोन-तीन वर्षांत चार जपानी शंभर सीसी आल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकी १९८४ मध्ये, हिरोबरोबर होंडा १९८५ मध्ये, त्याच वर्षाच्या शेवटी एस्कॉर्ट्सकडून यामाहाची आरएक्स आणि मग बजाजबरोबर कावासाकी. चारांतल्या तीन टू-स्ट्रोक. एकट्या होंडाने फोर-स्ट्रोक आणली, आणि तीही आपल्या त्या 'सुपर कब' गाडीच्या घराण्यातली, जिचं पहिलं मॉडेल १९५८ चं आणि जी २०१७ पर्यंत जगभरात दहा कोटी बनली होती. तेव्हा घराण्याचा प्रश्न असेल तर तुझ्या पोर्चमधलं इंजिन काही कमी कुळाचं नाही. पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर आली ती याच ९७.२ सीसीच्या इंजिनावर. म्हणून सीडीचं इंजिनाचं सामान आजही छोटी ग्वालटोलीत काय, कुठल्याही तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर मिळतं. आरएक्सचं सामान मिळतं, पण अस्सल म्हणून जे देतात त्यातलं किती अस्सल, हे माझ्यासारखीलासुद्धा पुडा फोडल्याशिवाय सांगता येत नाही.

मायलेजचा मुद्दा मात्र मी तुझ्यापुढे मांडणार नाही, कारण तो पोकळ आहे. हिशोब कर. रोज २८ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७००. आरएक्स चाळीसचं देते असं धर, साडेसतरा लिटर. सीडी पासष्टचं देईल, पावणेअकरा लिटर. फरक पावणेसात लिटरचा, महिन्याला सातशे रुपये. वर टूटी ऑइल, लिटरला वीस-पंचवीस मिली, तेही महिन्याला साडेतीनशे-चारशे मिली. छप्पन दुकानला एक संध्याकाळ घरच्यांना घेऊन गेलास तर याहून जास्त जातात. जो माणूस सव्वा लाखाच्या वरची जुनी गाडी घ्यायला निघालाय त्याला सातशे रुपयांनी अडवू नये.

अडवायचं ते दुसऱ्या कारणाने. तुझा रस्ता मला पाठ आहे. राजेंद्रनगर, भंवरकुआं, नवलखा, पलासिया, विजयनगर. सकाळी साडेनऊला अख्खा एबी रोड गिअर एक आणि दोनवर. आरएक्सला हेच सोसत नाही. हळू चालली की तिच्या पोटात न जळलेलं तेल साठतं, प्लग काळा पडतो, आणि ती मिसिंग मारायला लागते. मग ऐन चौकात उतरायचं, प्लगपाना काढायचा, गरम प्लग फडक्यात धरून पुसायचा. आमच्याकडचा प्रत्येक आरएक्सवाला खिशात एक जास्तीचा प्लग ठेवायचा, जशी म्हाताऱ्या माणसाने छातीत दुखल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी ठेवावी. विशीत यात मजा असते. चौतिसाव्या वर्षी, कपाळावर मीटिंग असताना, तुला नाही येणार. तिला मोकळा रस्ता लागतो, रविवारी सकाळी महूकडचा, पोहे-जलेबी खाऊन निघालेला. तिथे ती अशी पळते की माझ्यासारखी हिशोबी बाईसुद्धा मागच्या सीटवर गप्प बसते.

गप्प न बसल्याचीही एक वेळ सांगते. १९९४. आम्ही दोघं आरएक्सवर महेश्वरला निघालो होतो. गाडीचा ऑइल पंप ह्यांनी आधीच काढून टाकला होता, तेव्हा सगळेच काढायचे. ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळून टाकायचं. मानपूरपर्यंत ह्यांनी गाडी तापवत नेली आणि खाली घाट लागला तसा थ्रॉटल पूर्ण सोडून दिला. उतारच होता, पेट्रोल कशाला जाळायचं? आता बघ, थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे त्यातलं ऑइलही बंद. पण चाक इंजिनाला फिरवतच होतं, तापलेला पिस्टन कोरडा वरखाली होत होता. तिसऱ्या का चौथ्या वळणावर आधी आवाज बदलला. चिरका झाला, शिट्टीसारखा. मग मागचं चाक एकदम धरलं गेलं आणि गाडी शेपटी हलवल्यासारखी आडवी झाली. मी मागून ओरडले, 'क्लच!' ह्यांनी ओढला, चाक सुटलं, आम्ही कडेच्या खडीत थांबलो. पिस्टन सीझ, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसलेला. अर्धा तास दगडावर बसलो, इंजिन निवलं, किक हळूहळू सुटली, आणि चाळीसच्या वर न जाता परत आलो. महेश्वर त्या वर्षी राहिलंच. सिलिंडर खोललं तेव्हा पिस्टनच्या एका बाजूला उभे ओरखडे होते, मांजराने ओढल्यासारखे. तो पिस्टन मी अजून ठेवलाय, पेपरवेट म्हणून.

हे तुला घाबरवायला नाही सांगितलं. टू-स्ट्रोक चालवायची एक वेगळी सवय लागते आणि ती सीडीवर किंवा आताच्या स्कूटरवर लागत नाही. उतारावर मधूनमधून थ्रॉटल द्यायचा. डावा हात कायम क्लचवर तयार ठेवायचा. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन गाडी धरत नाही, म्हणून ब्रेकवर जास्त भिस्त, आणि ब्रेक पुढेमागे दोन्ही ड्रमचे. जिला पिकअप ११ बीएचपीचा आहे तिला ब्रेकही सीडीसारखे ड्रमचेच आहेत, हे कोणी शोरूममध्ये सांगितलं नव्हतं.

आता त्या जळगावच्या गाडीकडे.

मालक म्हणतो जपानी इंजिन. सुरुवातीच्या काळात आरएक्स सुट्या भागांत जपानहून येऊन इथे जोडल्या जायच्या, यावरून हा 'जपान इंजिन'चा बाजार उभा राहिला. पण तुझी गाडी १९९१ ची, त्या काळानंतरची. मग दोनपैकी एकच खरं: एकतर ते इंजिन जपानी नाही आणि तू त्या शब्दाचे वीस-तीस हजार जास्त देतोयस, नाहीतर ते खरंच जपानी आहे, म्हणजे दुसऱ्या, जुन्या गाडीचं आहे, आणि मग आरसीवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, इंजिन नंबर त्याच्याशी जुळणार नाही. दोन्हींत तुझं नुकसान. मालकाला एवढंच विचार, 'इंजिन नंबरचा फोटो पाठवता का?' फोटो आला नाही तर तुझे जळगावचे जाण्या-येण्याचे पैसे वाचले.

'कागदांचं बघून घेऊ' हे वाक्य काउंटरवर मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं भाषांतर मला पाठ आहे: तू बघ. महाराष्ट्रातली गाडी मध्यप्रदेशात आणायची तर आधी तिच्या आरसीची मुदत चालू हवी. संपली असेल तर तिकडेच वाढवायची. वीस वर्षांपुढच्या दुचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झाली आहे, आणि मुदत संपल्यावर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये वेगळे. दहा वर्षं कागद मेलेले असतील तर हा आकडा कुठे जाईल ते तूच गुणून बघ. मग फॉर्म २८ वर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), मग २९ आणि ३० भरून नाव तुझं, मग इंदूरला टॅक्स आणि एमपी ०९ चा नंबर. आणि कोणी तुला 'व्हिंटेजमध्ये टाकून देतो भिया' म्हणालं तर हसून सोडून दे. व्हिंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं लागतात. १९९१ ची गाडी २०४१ मध्ये व्हिंटेज होईल.

नवा रंग बघून खूश होऊ नकोस. हँडलखालच्या मानेवर चेसिस नंबर असतो, तिथे रंगाखाली घासल्याच्या रेघा आहेत का, बोटाने चाचप. तरीही बघायला जायचंच असेल (आणि तू जाणार, मला माहितेय), तर मालकाला आधी सांग की मी येण्याआधी गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनावर हात ठेव. थंड असलं पाहिजे. गरम असेल तर त्याने काहीतरी लपवायला ती आधी तापवून ठेवली आहे. चालू केल्यावर सुरुवातीला थोडा धूर येणारच, त्याने बिचकू नकोस. दहा मिनिटं चालवून आण आणि मग मागे उभा राहून बघ. तेव्हाही दाट पांढरा धूर येत असेल आणि त्याला जळक्या तेलाचा वास असेल, तर क्रँकचं उजव्या बाजूचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्समधलं तेल पिऊन जाळतंय. गिअर ऑइल तपासलंस तर कमी निघेल. आणि थ्रॉटल सोडल्यावर आवाज खाली न येता हवेत तसाच तरंगत राहिला, तर कुठूनतरी हवा खेचतेय, डावं सील किंवा ब्लॉकखालचं गॅस्केट. हे दुसरं जास्त वाईट. हवा जास्त म्हणजे त्या मानाने पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे पिस्टन जास्त तापणार, आणि पिस्टन तापला की काय होतं ते मानपूरच्या घाटात सांगितलंच.

शेवटी सहज विचारल्यासारखं विचार: 'पिस्टन किती नंबरचा चालू आहे?' झिजलेला सिलिंडर घासला की थोडा मोठा पिस्टन टाकतात, त्याचा हा नंबर; स्टँडर्ड, पंचवीस, पन्नास असं काहीतरी सांगेल. एक मिलिमीटरपर्यंत गेली असेल तर पुढच्या वेळी सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, टाकावी लागेल. 'आरएक्सजीचा ब्लॉक टाकलाय, लय पळते' असं अभिमानाने म्हणाला तर तो १३२ सीसीचा ब्लॉक झाला, आरसीवर ९८. आणि त्याला हे माहीतच नसेल तर इंजिन त्याने कधी खोललेलं नाही किंवा ज्याने खोललं त्याने त्याला सांगितलं नाही. तेही एक उत्तरच.

सीडीचं थोडक्यात सांगते, कारण ती गाडीच थोडक्यात आहे. तिची जाहिरात होती 'फिल इट, शट इट, फर्गेट इट', आणि लोकांनी ती इतकी मनावर घेतली की इंजिन ऑइल बदलायचंही विसरून गेले. आमच्याकडे ज्या सीडी फुल इंजिनला आल्या त्यातल्या बहुतेक या विसराळूपणाच्या. वरचा कॅम आणि रॉकर कोरडे पडून झिजायचे, टाइमिंग चेन खडखडायची. तुझे बाबा मात्र २०२२ मध्ये गाडी आरटीओत पासिंगला घेऊन जाणारे. असा माणूस ऑइल विसरत नाही. त्यामुळे ते बावीस हजारांचं फुल इंजिन मला पटत नाही. मेकॅनिक खोटंच बोलतोय असं नाही; बंद गाडीचं इंजिन खोलणं हे त्याच्यासाठी सोपं आणि खात्रीचं काम असतं. पण दोन-तीन वर्षं उभी असलेली गाडी आजारी नसते, झोपलेली असते.

तिला उठवायचं कसं ते लिहून घे. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाक, बादलीत ओत आणि तळाला बघ. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, आता तर वीस टक्के, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. टाकीच्या तळाला गंजाचं पाणी साचलं असेल. टाकी दोनदा धुऊन घे. पेट्रोलचा पाइप बदल, जुन्या रबराला इथेनॉल खातं. कार्बोरेटर उघडून साफ, त्यातली फ्लोट नीडल आणि ओ-रिंगही त्याच कारणाने नव्या. जुनं इंजिन ऑइल काढून नवं भर. मग प्लग काढून त्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोड, एक रात्र तसंच राहू दे, आणि सकाळी प्लग न लावता किक हाताने, पायाने नाही, हळूहळू दाब. मोकळी फिरली तर इंजिनाला काही झालेलं नाही. मग नवा प्लग, चार-पाच किका, आणि चोक. टायर मात्र दोन्ही नवे घे, नक्षी शाबूत दिसली तरी रबर वाळलेलं असतं. केबल, ब्रेक शू, बॅटरी. सगळं मिळून तुझ्या मेकॅनिकच्या आकड्याच्या निम्म्यात बसायला हवं. चालू झाल्यावरही वरचा खडखडाट गेला नाही, तर मग खोल.

आता तुझ्या आईचं.

तू विचारलंस, सीडी विकू का. पण ती अजून तुझी कुठे आहे? आरसीवर बाबांचं नाव आहे. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. खरं तर मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झालाय, त्याचे चार पैसे भरावे लागतील, पण होतं ते. त्याला मृत्यूचा दाखला लागतो, चालू इन्शुरन्स आणि पीयूसी लागतं, आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणजे तुझ्या आईची सही. तो बारा हजारवाला आज पैसे घेऊन आला तरी कायद्याने तू त्याला गाडी देऊ शकत नाहीस, आणि फॉर्म न भरता दिलीस तर उद्या त्याने कोणाला ठोकलं की नोटीस बाबांच्या नावाने तुझ्याच घरी येणार.

म्हणून आईला 'तुला काय वाटतं' असं विचारू नकोस. त्याला बायका आमच्या वयात 'तुला वाटेल ते कर' असंच उत्तर देतात, मीही देते. फॉर्म ३१ प्रिंट करून टेबलावर ठेव आणि म्हण, आई, इथे तुझी सही लागेल. गाडी माझ्या नावावर करून चालवू की विकायला काढू? हातात पेन असलं की माणूस बोलतो. कदाचित ती म्हणेल, विक बाबा, रोज समोर दिसते ते मला सोसत नाही. तसं म्हणाली तर विक, आणि माझं वरचं सगळं विसर. हेही होऊ शकतं, सगळ्यांनाच वस्तू जपून ठेवायच्या नसतात.

पण ठेव म्हणाली तर माझं मत असं. ऑफिसला सीडी. तिच्या आरसीला सप्टेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे, तोवर तिच्यावर हात बसेल, आणि ती तुला भंवरकुआंच्या चौकात खाली बघायला लावणार नाही. जळगावची गाडी सोड. आरएक्सचा नाद सोडू नकोस, तो सुटतही नाही. पण ती ऑफिसची गाडी म्हणून घेऊ नकोस आणि सीडीच्या बदल्यात तर नकोच. वेगळे पैसे साठव, इंदूरचीच शोध, एमपी ०९ ची, कागद चालू असलेली, ऑइल पंप जागेवर असलेली, आणि रंग जुना असलेली. वर्ष लागेल, दोन लागतील. तोपर्यंत पोर्चमधल्या जागेचा प्रश्न बायकोशी बोलून सुटतो का बघ. दोन वर्षांच्या वाटाघाटीला बायका तयार असतात. एका रविवारी अचानक आलेल्या लाल गाडीला नसतात.

हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाले, 'बरोबर लिहिलंयस. पण त्याला आरएक्स घेऊ दे.' मी विचारलं, का? तर म्हणाले, 'सगळं बरोबरच असायला पाहिजे का?' यांच्याकडून मी याहून वेगळी अपेक्षा केली नव्हती. मानपूरला त्या दगडावर बसूनसुद्धा हे गाडीकडे बघून हसत होते.

एक राहिलं. सीडीच्या साइड पॅनेलमागे कंपनीच्या टूलकिटची पिशवी असायची, काळ्या रेक्झिनची. त्यात प्लगपाना आहे का ते आधी बघ, बाजारातला बहुतेकदा प्लगवर सरकतो आणि चिनी माती फोडतो. नसेल तर कळव. आमच्याकडे जुने दोन पडून आहेत.